शीतकपाट वर्ज्य, मग दूध ठेवावे कोठे?

गेल्या वैशाखातील गोष्ट. हृद्रोगाच्या एका वृद्ध रुग्णास आम्ही अर्जुनक्षीरपाक सकाळ-सायंकाळ योजला होता. घरातील सून नोकरी करणारी. ती पहाटे दोन्ही वेळचा क्षीरपाक एकदमच सिद्ध करी, सकाळचा भाग सासऱ्यांना देई आणि उरलेला झाकून ओट्यावर ठेवून कामावर जाई. सायंकाळी परतल्यावर तोच कोमट करून पुन्हा देई. एके दिवशी सायंकाळचा क्षीरपाक घेतल्यानंतर तीन तासांच्या आत त्या वृद्धांस छर्दी सुरू झाली. पाठोपाठ उदरशूल आणि द्रवमलप्रवृत्ती. भांड्यातील उरलेले दोन घोट नातवाने घेतले होते, त्यालाही तोच त्रास. दोघांनाही रुग्णालयात नेऊन सलाईन लावावे लागले. दोन दिवसांनी दोघे सुखरूप घरी आले, ही ईश्वराची कृपा.

त्या दुधाची तपासणी कोणी केली नाही. तथापि लक्षणांचा क्रम आणि काळ पाहता संशयाला फारशी जागा नव्हती. आम्ही त्या सुनेला काहीशा रागानेच विचारले, की दूध दहा-बारा तास बाहेर का ठेवले? तिने पर्समधून आमचेच छापील पथ्यपत्रक काढून पुढे केले. "डॉक्टर, तुम्हीच लिहून दिलं होतं ना, फ्रिजमधलं काही द्यायचं नाही म्हणून?" पत्रकातील तिसरी ओळ तशीच होती : 'फ्रिजमधील सर्व पदार्थ वर्ज्य.' आम्ही निरुत्तर झालो.

हा लेख त्या निरुत्तर होण्यातून लिहिला आहे. अशी ओळ केवळ आमच्याच पत्रकात आहे असे नाही. आपल्यापैकी बहुतेक वैद्य ती तोंडी सांगतात, अनेकांनी ती छापून घेतली आहे. या ओळीचा पुनर्विचार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पथ्यामागील हेतू

प्रथम हे सांगितले पाहिजे, की या पथ्यामागील हेतू चुकीचा नाही. शीत आणि गुरू आहाराने अग्निमांद्य होते, कफ वाढतो आणि आमोत्पत्ती होते, हे आपण रोज पाहतो. शीतकपाटातून काढलेले दही तसेच ताटात वाढणे, जेवताना बर्फाचे पाणी पिणे, चार दिवसांची भाजी पुन्हापुन्हा गरम करून खाणे या सवयी सोडवण्यासाठीच ती ओळ लिहिली गेली. पर्युषित अन्नाविषयीचा आपल्या शास्त्राचा कटाक्षही तिच्यामागे आहे. त्यातील कशाचीही माघार घेण्याचे कारण नाही.

परंतु या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पदार्थ सेवन करताना शीत असणे ही एक गोष्ट. सेवनापूर्वी तो कोठे आणि कसा जपला, ही दुसरी. आपला आक्षेप मुख्यतः पहिल्या गोष्टीवर आहे. रुग्ण मात्र आपल्या वाक्यावरून दुसरी गोष्ट बदलतो. तो दूध थंड पिणे सोडतो की नाही कोणास ठाऊक. पण ते शीतकपाटातून काढून ओट्यावर नक्की ठेवतो. जे दूध ताजे राहावे म्हणून आपण सांगितले, तेच दूध आपल्या सांगण्याने शिळे होते.

करण, कालप्रकर्ष आणि भाजन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील 'करण' म्हणजे संस्कार. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते, आणि ते कशाकशाने होते याची जी यादी आचार्य देतात, तीत जल व अग्नी यांचा संपर्क, शौच, मंथन, देश, काल, कालप्रकर्ष आणि भाजन यांचा उल्लेख आहे. दुग्धपदार्थांचे सारे शास्त्र या यादीत सामावले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तापवणे हा अग्निसंस्कार, घुसळणे हे मंथन, हात आणि भांडे स्वच्छ असणे हे शौच, पात्राचा धातू हे भाजन, आणि किती वेळ ठेवले हा कालप्रकर्ष.

या चौकटीत शीतकपाटाचे स्थान कोठे? आमच्या मते ते कालाची गती मंद करणारे एक साधन आहे. त्याने पदार्थ सुधारत नाही, बिघडण्याची क्रिया सावकाश होते. त्याला अमृत मानण्याचे कारण नाही, तसे विष मानण्याचेही नाही.

कालाची गती म्हणजे काय, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या भाषेत समजून घेणे उपयुक्त ठरेल. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानाच्या टप्प्यात रोगकारक जंतूंची वाढ होऊ शकते, म्हणून अन्नसुरक्षेत तो धोक्याचा टप्पा मानतात. अनुकूल उष्णता, पाणी आणि पोषण मिळाल्यास काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सहा तासांत 2 लाख 62 हजारांहून अधिक जंतू होतात. चंद्रपूर-नागपुरात वैशाखात तापमान 45 अंशांच्या आसपास जाते, तेव्हा 'घरातील साधारण तापमान' या शब्दांना महाबळेश्वरच्या पौषातील अर्थ उरत नाही. देश आणि ऋतू पाहून पथ्य सांगा, हा उपदेश आपणच इतरांना करतो. येथे तो आपणच विसरलो.

दूध

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 45) कोणते दूध टाकावे हे सांगितले आहे : ज्याला अनिष्ट गंध येतो, जे आंबट वा खारट झाले, ज्याचा वर्ण वा रस बदलला, ज्यात गुठळ्या झाल्या. ही परीक्षा आजही पहिली पायरी म्हणून उत्तम आहे. मात्र ती शेवटची पायरी नव्हे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे विष दुधात तयार झाले तरी वास, रंग, चव यांत फरक पडेलच असे नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ते विष उकळण्याने नष्ट होत नाही. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू दूध तापवल्यावरही टिकतात. दूध कोमट होऊन तसेच राहिले की ते रुजतात, आणि त्यांच्यापासून होणारे छर्दीकारक विषही उष्णतेला दाद देत नाही. 'बाहेर राहिले होते, पण पुन्हा चांगले उकळले' या वाक्यावर आपले रुग्ण फार विसंबतात. जंतू मरतात, विष उरते. अन्न घेतल्यानंतर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत छर्दी सुरू झाली, तर हे विष वैद्याच्या मनात आलेच पाहिजे.

यावर हमखास विचारले जाते, की आपल्या आजीकडे कोठे फ्रिज होता? प्रश्न रास्त आहे. पण आजीकडे पद्धत होती. सकाळचे दूध ओट्यावर पडून राहत नसे. ते चुलीच्या वैलावर मंद आचेवर दिवसभर तापत राही, म्हणजे धोक्याच्या टप्प्याच्या वर राही. किंवा सकाळ-दुपार-सायंकाळ उकळले जाई. आणि रात्री उरलेल्या दुधाला विरजण लागे. वैल गेला, दिवसभर घरात राहणारे माणूस गेले, आणि दूधही दारातल्या गाईचे राहिले नाही. आजीची पद्धत सोडून केवळ तिचे 'फ्रिज नसणे' तेवढे उचलायचे, हे परंपरेचे पालन नव्हे.

आजचे दूध दूरवरून येते. 1970 साली सुरू झालेल्या दुग्धपूर योजनेनंतर सहकारी दूधसंकलनाचे जाळे देशभर विस्तारले. त्या व्यवस्थेचा कणाच शीतकरण हा आहे. संकलित दूध लवकरात लवकर सुमारे 4 अंशांपर्यंत थंड करतात, 72 अंशांवर 15 सेकंद तापवून पाश्चरित करतात आणि थंडच वितरित करतात. पहाटे दाराला अडकवलेली पिशवी आठ वाजेपर्यंत तशीच राहिली, की ही साखळी शेवटच्या कडीला तुटते. पाश्चरित दूध निर्जंतुक नसते, हे रुग्णास सांगितले पाहिजे. अतिउच्च तापमानावर संस्कारित केलेले बंद खोक्यातील दूध न उघडता बाहेर राहू शकते. एकदा उघडले, की त्याला सामान्य दुधाचाच नियम लागू होतो.

धारोष्णाविषयीही दोन शब्द. अष्टांगहृदयात धारोष्ण दुधाची प्रशंसा आहे आणि तिच्या आधारे सध्या कच्चे दूध शहरांत मोठ्या किमतीला विकले जाते. परंतु धारेचे दूध धारेच्याच उष्णतेत घेणे म्हणजे धारोष्ण. गोठ्यातून निघून तीन तासांनी बाटलीतून येणारे दूध धारोष्ण नसून 'आम' दूध आहे, आणि त्याला तोच ग्रंथ त्याच ठिकाणी गुरू व अभिष्यंदी म्हणतो. शिवाय ब्रुसेलोसिस व गोवंशीय क्षय हे रोग कच्च्या दुधातून माणसाला होतात. गाय निरोगी असल्याची खात्री देणे आज सामान्य ग्राहकास शक्य नाही. म्हणून दूध तापवूनच घ्यावे, असे निःसंदिग्धपणे सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

दही व ताक

दह्याचे गणित वेगळे आहे. विरजणातील जंतू दुधातील शर्करेचे आम्ल करतात आणि हे आम्लच दह्याचे रक्षण करते. नीट लागलेले दही दिवसभर बाहेर राहिले, तर अधिक आंबट होईल, पित्तकर होईल. पण दुधासारखे घातक सहसा होत नाही. ताकाचेही तसेच. म्हणून 'दुग्धजन्य ते सारे दोन तासांत टाका' असा सरसकट नियम सांगणेही अज्ञानाचेच होईल.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. चरकाने मंदक, म्हणजे अर्धवट लागलेले दही, त्रिदोषकर मानले आहे आणि अभिष्यंदकर द्रव्यांत त्याला अग्रस्थान दिले आहे. आजचे दुग्धशास्त्र सांगते, की विरजण दुर्बल असेल किंवा आम्ल तयार होण्यास विलंब लागला, तर त्या मधल्या काळात दूध असुरक्षित असते आणि स्टॅफिलोकॉकस वाढून विष तयार करू शकतो. आचार्यांना जंतू ठाऊक होते असा दावा आम्ही करत नाही. असे दावे करून आपण शास्त्राचे हसे करतो. मात्र अर्धवट लागलेले दही घातक असते हे त्यांनी निरीक्षणाने ओळखले होते, आणि ते निरीक्षण आजच्या कसोटीलाही उतरते. विरजण सशक्त घ्यावे, दूध तापवून कोमट करून लावावे, आणि न लागलेले दही 'लागेल अजून' म्हणून तसेच ठेवून खाऊ नये, एवढे सांगण्यास आपल्याला शास्त्राधार पुरेसा आहे.

दही लागले, की ते शीतकपाटात ठेवण्यास हरकत नाही. किंबहुना त्याने आंबटपणा आटोक्यात राहतो. घेण्यापूर्वी काही वेळ बाहेर काढून त्याचा गारठा जाऊ द्यावा. रात्री दही घेऊ नये, वसंत, ग्रीष्म व शरद ऋतूंत ते टाळावे आणि तापवून तर कधीच घेऊ नये, हे नियम आहेत तसेच राहतील.

तूप, लोणी आणि घन पदार्थ

सर्व दुग्धपदार्थांत बाहेर ठेवण्यास निर्भय असे तूपच. चांगल्या कढवलेल्या तुपात पाण्याचा अंश अर्ध्या टक्क्याहून अधिक नसतो आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. पुराणघृताची संकल्पना ज्या शास्त्राने मांडली, त्याला हे वेगळे सांगायला नको. तूप कोरड्या चमच्याने घ्यावे, प्रकाशापासून दूर ठेवावे. कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले तूप अष्टांगहृदयाने विरुद्ध म्हटले आहे. तेव्हा पात्र काच, चिनीमाती किंवा स्टीलचे असावे. लोण्याची गोष्ट तशी नाही. घरच्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश राहतो. ते दोन-तीन दिवसांत कढवावे, तोवर थंड जागी ठेवावे.

पनीर, खवा, बासुंदी, खीर, खरवस हा वर्ग सर्वांत नाजूक. यांत पाणी आहे, पोषण आहे आणि संरक्षक आम्ल जवळजवळ नाही. पनीरमध्ये सुमारे निम्मे पाणीच असते. खवा भट्टीवरून उतरतो तेव्हा बहुतेक जंतूंपासून मुक्त असतो. नंतर हात, कापड आणि टोपली यांच्यामुळे तो दूषित होतो. याच कुळातील पीयूष व किलाट यांना आचार्यांनी गुरू म्हणून दीप्ताग्नीच्या माणसासाठीच राखून ठेवले आहे. मंगलकार्यात दुपारी बारापासून पाच वाजेपर्यंत परातीत उघडी राहिलेली बासुंदी ही आमच्या मते विरुद्धाहाराहूनही मोठी आपत्ती होय. श्रीखंडात आम्ल आणि साखर दोन्ही असल्याने ते तुलनेने टिकते, तरी उन्हाळ्यात चक्का टांगायचा तो थंड जागीच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईवरही 'या तारखेपूर्वी खावे' अशी सूचना लावणे दुकानदारांस बंधनकारक केले. ती पाटी वाचण्याची सवय रुग्णांस आपण लावली पाहिजे.

आपली पंचकर्मगृहे

परोपदेश करताना आपले घरही पाहावे. क्षीरबस्तीसाठी सकाळी आणलेले दूध दुपारच्या रुग्णापर्यंत कोठे असते? एका रुग्णाच्या धारेचे तक्र गाळून दुसऱ्या दिवशी वापरले जाते काय? आठ पट दूध आणि बत्तीस पट पाणी घालून क्षीरपाक आटवण्याचे प्रमाण आपण विद्यार्थ्यांस घोकून घेतो. सिद्ध झालेला क्षीरपाक किती वेळात घ्यावा हे मात्र आपण कोणत्याच रुग्णास लिहून देत नाही. आमच्या पत्रकातही ते नव्हते. दोष त्या सुनेचा नव्हता.

दोन आक्षेप

काही सहकारी म्हणतील, की अशाने आपण शीतकपाटाची भलामण करतो. तसे नाही. शीतकपाटालाही मर्यादा आहेत. लिस्टेरिया नावाचा जंतू 4 अंशांवरही सावकाश वाढतो आणि गर्भिणीस तो विशेष घातक आहे. चार दिवस ठेवलेली खीर थंड असली तरी ताजी नव्हे. वीज गेली तर दार न उघडता शीतकपाट सुमारे चार तास थंडावा धरते. त्यानंतर तेही एक साधे कपाटच. भारनियमनाची वर्षे ज्यांनी अनुभवली, त्यांना हे सांगायला नको.

दुसरीकडून आधुनिक वैद्यकाचे मित्र म्हणतील, की मग सारेच थंड ठेवा आणि थंडच खा, पथ्याचा आग्रह कशाला? त्यांना आमचे उत्तर असे, की जंतू नसणे म्हणजे पचणे नव्हे. निर्दोष पण गार दूध मंदाग्नीच्या कफप्रकृती रुग्णास त्रास देते, हा आपला अनुभव आहे. दूध सुरक्षित असणे ही पहिली अट आहे. ते रुग्णास सात्म्य असणे ही दुसरी. पहिली सोडून दुसरीकडे धावणे ही आपली चूक झाली, एवढेच.

पथ्यपत्रकासाठी मसुदा

'फ्रिजमधील सर्व पदार्थ वर्ज्य' या ओळीच्या जागी आम्ही आमच्या पत्रकात आता पुढील मजकूर घातला आहे. वैद्यबंधू-भगिनींनी तो आपापल्या देश-ऋतूनुसार पारखून घ्यावा.

1. दूध थंड ठेवावे, पण थंड पिऊ नये. लागेल तेवढेच बाहेर काढून, उकळून, सुखोष्ण घ्यावे.

2. दूध, खीर, बासुंदी, खवा, पनीर दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये. कडक उन्हाळ्यात एकच तास. त्यापुढे ते टाकून द्यावे. पुन्हा उकळल्याने ते निर्दोष होत नाही.

3. तापवलेले दूध लवकर निववण्यासाठी पसरट भांड्यात काढावे, परातीत गार पाणी घालून त्यात ते भांडे ठेवावे आणि मग शीतकपाटात ठेवावे.

4. क्षीरपाक प्रत्येक वेळी ताजा करावा. ते शक्य नसल्यास वैद्यास सांगावे. कल्प बदलून मिळेल.

5. दही पूर्ण लागलेलेच घ्यावे. अर्धवट लागलेले घेऊ नये.

6. तूप बाहेर ठेवावे, कोरडा चमचा वापरावा.

7. बालकाच्या बाटलीत उरलेले वरचे दूध तासाभरानंतर पुन्हा पाजू नये.

चौथ्या कलमातील शेवटचे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहिले आहे. ज्या घरी सायंकाळी क्षीरपाक करायला कोणी नाही, तेथे अर्जुनाचे चूर्ण वा क्वाथ देता येतो. रुग्णाची दिनचर्या न विचारता कल्प लिहून देणे आणि मग पथ्य मोडले म्हणून रागावणे, हे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

ते वृद्ध गृहस्थ आजही आमच्याकडे औषधासाठी येतात. सून सोबत असते. गेल्या खेपेस नवीन पत्रक तिच्या हाती दिले, तेव्हा तिने ते उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "मग लोणी किती दिवस चालेल?" आमच्या पत्रकात लोण्याचा उल्लेख राहूनच गेला होता. आठवे कलम आम्ही तिच्यासमोरच हाताने लिहिले.